जुवाखालचं तिसरं चाक

उसानं शिगोशीग भरलेली टायरगाडी चढाला लागली की बघणाऱ्याचा जीव बैलांच्या पायांत अडकतो. खूर रोवलेले, पुठ्ठे ताणलेले, गाडीवान खाली उतरून चाकाला हात लावतोय, आणि रस्त्याकडेला उभे असलेले आपणही नकळत दातओठ खातो. पण त्या बैलांना छळणारं दुसरंही एक ओझं आहे आणि ते चढ संपल्यावर संपत नाही. सपाट डांबरी रस्त्यावर गाडी सुखानं चालली आहे असं वाटतं, तेव्हाही ते मानेवर बसलेलं असतं. नवल असं की ते ओझं गाडीला तसूभरही पुढं नेत नाही. बैलानं ते पेलून धरल्यानं कुणाचाच फायदा होत नाही. आणि त्याहून मोठं नवल हे, की ते जमिनीवर ठेवून देता येतं, तेही गाडी चालू असताना, एका लहानशा चाकाच्या आधारानं.

हे चाक जगात ठिकठिकाणी आहे, फक्त आपलं त्याच्याकडं लक्ष जात नाही. परदेशात लोक मोटारीमागं छोटा मुक्कामी ट्रेलर जोडून भटकायला जातात. आत दोघांच्या झोपण्याची सोय, मागच्या बाजूला चूल-भांडी. मुक्कामाला पोचलं की मोटार सोडायची, ट्रेलरच्या दांडीखालचं छोटं चाक खाली करायचं आणि पाचशे किलोचा तो डोलारा हातानं ढकलत झाडाखाली नेऊन लावायचा. आपल्याकडं बांधकामावरच्या काही मिक्सरच्या दांडीखाली असं चाक असतं, सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागांत ट्रॅक्टरमागून फिरणाऱ्या काही ब्लोअरच्या तोंडाशीही असतं. आणि २०२२ साली सोलापूरशेजारच्या सांगली जिल्ह्यात, राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ऑटोमोबाइल शाखेतल्या विद्यार्थ्यांनी ते बैलगाडीच्या जुवाखाली बसवलं. त्याला नाव दिलं ‘सारथी’. त्या जुलैत त्याचं छायाचित्र समाजमाध्यमांवर देशभर फिरलं. दोन बैलांच्या मधोमध, जुवाखाली, जमिनीवर टेकलेलं एक छोटं टायर. बघताक्षणी वाटतं, हे इतक्या उशिरा का सुचलं?

त्याचं महत्त्व सोलापूर जिल्ह्यात जितकं कळतं तितकं क्वचितच दुसरीकडं कळेल. राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत. १९३० च्या दशकात माळशिरस तालुक्यात माळीनगरला माळी बागायतदारांनी एकत्र येऊन स्वतःचा कारखाना उभारला. पुढं अकलूज, श्रीपूर, कुमठे अशी नावं त्यात वाढत गेली. १९८० मध्ये उजनी धरण झालं आणि माढा, पंढरपूर, मोहोळच्या काळ्या रानांत ऊस पसरला. दिवाळी झाली की मराठवाड्यातून, बीडकडून तोडणीच्या टोळ्या येतात, रानाच्या कडेला कोप्या पडतात आणि पहाटेपासून कोयते चालू होतात. लांबचा ऊस ट्रक-ट्रॅक्टरनं जातो. कारखान्याच्या जवळच्या रानांतला बराचसा अजून टायरगाडीनं जातो. आणि ही सगळी खिलारांची मूळ भूमी. पांढराशुभ्र, मागं वळलेल्या शिंगांचा, काटक खिलार इथल्या माणदेशी माळावरच घडला.

आता गाडीकडं नीट बघू. टायरगाडीला आस एकच, चाकं दोनच. दोन चाकांवर कुठलीच वस्तू आपली आपण उभी राहत नाही. ती पुढं तरी पडेल किंवा मागं तरी. म्हणून तिला पुढं तिसरा आधार लागतो आणि तो आधार म्हणजे बैलांची मान. मोळ्या आसाच्या मागं जास्त पडल्या तर गाडी उलाळते, जू वर उचललं जातं, गळ्याखालचा पट्टा बैलांच्या गळ्याला काचतो. ते तर फारच वाईट. म्हणून गाडीवान जाणूनबुजून थोडं वजन पुढं ठेवतो. थोडं म्हणजे किती, हा सगळा खेळ.

हिशेब सोपा आहे. गाडीत दोन टन ऊस धरा आणि आसापासून जुवापर्यंत तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट अंतर. ओझ्याचा गुरुत्वमध्य आसाच्या बरोबर डोक्यावर असेल तर जुवावर काहीच येत नाही. तो फक्त पंधरा सेंटिमीटर पुढं सरकला, अर्धी-पाऊण वीतच म्हणा ना, तर जुवावर शंभर किलो येतात. दोन हजार गुणिले पंधरा, भागिले तीनशे. पूर्ण वीतभर सरकला की दीडशे. घाईघाईत, अंधारात, मोळीवर मोळी फेकत भरलेल्या गाडीत वीतभर चूक ही चूकसुद्धा म्हणता येणार नाही.

बरं, हे झालं सपाटीचं. उसाची गाडी उंच रचलेली असते, तिचा गुरुत्वमध्य आसाच्या सव्वा मीटर तरी वर असतो. गाडी उताराला लागली की सगळं ओझं पुढं कलतं. वीस फुटांत एक फूट उतरणारा रस्ता म्हणजे काही घाट नव्हे, ओढ्यावरच्या पुलाकडं जाताना असा उतार रोज लागतो. पण तेवढ्यानंही गुरुत्वमध्य सहा सेंटिमीटर पुढं येतो आणि मानेवर आणखी चाळीस किलो वाढतात. शिवाय मागून गाडी रेटत असते ते वेगळंच. खड्ड्यात चाक आपटलं की हाच भार क्षणभर हातोडा होऊन बसतो.

आणि ही मान तरी कुठं आहे? पुढच्या पायांच्याही पुढं. वशिंडाच्या अलीकडं जू टेकतं, तिथं खाली थेट आधार नाही. त्यामुळं मानेवर ठेवलेलं वजन पुढच्या पायांवर जसंच्या तसं उतरत नाही, जास्तच होऊन उतरतं आणि मागच्या पायांवरचं थोडं कमी करतं. मानेच्या स्नायूंना तर ते सतत धरून ठेवावं लागतं. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की बलाच्या दिशेनं विस्थापन झालं तरच कार्य होतं. बैल पुढं चालतोय, ओझं खाली दाबतंय. दोन्ही दिशा एकमेकींना काटकोनात. म्हणजे सपाट रस्त्यावर या ओझ्यापायी झालेलं कार्य शून्य! पुस्तक खोटं बोलत नाही. पण स्नायू ओझं नुसतं धरून उभा असला तरी त्याचे तंतू आत सारखे आखडत-सुटत असतात, शक्ती जाळत असतात, तापत असतात. कार्य शून्य आणि कष्ट पुरेपूर असा हा प्रकार आहे.

ओढण्याच्या कष्टाशी याची तुलना केली की डोळे उघडतात. चांगला बैल दिवसभर टिकून ओढू शकतो ते साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतक्या जोरानं. साडेचारशे किलोचे दोन बैल धरले तर जोडीची ओढ नव्वद किलोच्या आसपास. अडीच टनांची भरलेली टायरगाडी चांगल्या सपाट डांबरी रस्त्यावर चालती ठेवायला साठ-सत्तर किलोची ओढ पुरते. म्हणजे बैलांचं खरं काम साठ-सत्तर किलोचं आणि त्यासोबत विनाकारण पेलायचं ओझं शंभर-दीडशे किलोचं. खांदेसूज, आवाळू, सोललेली मान ही सगळी दुखणी याच न लागणाऱ्या ओझ्याची आणि त्याखाली होणाऱ्या घासण्याची. बेंदूर-पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. गरम पाण्यानं खांदे शेकायचे, हळद-तेल किंवा लोणी लावून चोळायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण बैलाला द्यायचं. वर्षभर कुठं दुखलं असेल हे या माणसांना पक्कं ठाऊक आहे. सणाचा पहिला हात नेमका तिथंच जातो.

इथं टायरची गोष्ट सांगायलाच हवी. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून केलेला तो खटाटोप. हा डनलॉप पेशानं जनावरांचा डॉक्टर होता! पुढं त्याच्या नावाच्या कंपनीनं आपल्या देशात बैलगाडीसाठी खास टायर आणले आणि लाकडी चाकाच्या, लोखंडी धावेच्या गाडीची जागा हळूहळू टायरगाडीनं घेतली. बेअरिंगवर फिरणारं मऊ चाक, त्यामुळं ओढ एकदम हलकी झाली. जनावरांच्या डॉक्टरानं बैलांवर केलेला हा मोठा उपकारच.

पण ओढ हलकी झाली म्हणून माणसानं ओझं वाढवलं. जिथं टनाच्या आतबाहेर माल भरायचा तिथं दोन टन भरायला लागला. ओढ पुन्हा पहिल्याइतकी झाली असेल, मानेवरचा भार मात्र दुप्पट झाला. कारण चाक कितीही गुळगुळीत फिरो, जुवावर किती यायचं हे फक्त ओझं किती आणि कुठं ठेवलंय यावरच ठरतं. टायरनं एक दुखणं बरं करता करता दुसरं वाढवलं. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी व्यवस्थापनशास्त्राच्या त्या संस्थेत बसून बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला होता. जू, चाक, आस या सगळ्यांचा शास्त्रीय विचार व्हायला हवा असं ते सांगत राहिले. मला तो आग्रह फार मोलाचा वाटतो. देशातलं इतकं ओझं ज्या यंत्रावर फिरत होतं त्याला यंत्र म्हणून बघणारी माणसं फार थोडी होती.

आता ट्रेलरच्या दांडीखालचं चाक हातात घेऊन बघू, म्हणजे जुवाखाली काय घडतं ते कळेल.

मुक्कामी ट्रेलरलाही बहुधा आस एकच असते. भरताना त्याच्याही एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भाग दांडीवर, म्हणजे मोटारीच्या हूकवर येईल असं बघतात. युरोपात थोडा कमी ठेवतात. हेही जाणूनबुजून. वजन मागं गेलं तर वेगात ट्रेलर नागमोडी झोके घेऊ लागतो आणि मोटारीलाच फरफटत नेऊ शकतो. म्हणजे गाडीवानाला जे उलाळण्याच्या भीतीनं करावं लागतं तेच इथं झोक्याच्या भीतीनं करतात. पाचशे किलोच्या ट्रेलरमध्ये दांडीवर पन्नास-साठ किलो येतात. मोटारीच्या हूकला त्याचं काही वाटत नाही. पण मोटार सोडली की ते साठ किलो कुणी उचलायचे? एका हातात उचलून दुसऱ्या हातानं ढकलणं कुणालाही झेपणारं नाही.

म्हणून दांडीला एक उभी नळी असते. नळीच्या आत आट्यांचा लांब स्क्रू, वर फिरवायची मूठ, खाली वाटीएवढं किंवा ताटलीएवढं चाक. मूठ फिरवली की चाक खाली उतरतं, जमिनीला टेकतं, आणि पुढं फिरवत राहिलं की दांडी हूकवरून अलगद वर उठते. मुठीचा दांडा दहा सेंटिमीटरचा आणि स्क्रूचे आटे चार मिलिमीटर अंतरावर असतील, तर एका फेऱ्यात हात साठ सेंटिमीटरहून जास्त फिरतो आणि दांडी फक्त चार मिलिमीटर उठते. हिशेबानं दीडशेपट जोर. घर्षणात त्यातला बराच जातो, तरी साठ किलोची दांडी दोन किलोच्या जोरानं उठते. लहान मूलसुद्धा ती उचलेल.

खरा चमत्कार मात्र यानंतर. दांडीवरचे साठ किलो आता जमिनीनं घेतले. जमिनीला ते पेलायला काहीच लागत नाही, ती थकत नाही. माणसाला उरलं फक्त ढकलणं. गुळगुळीत काँक्रीटवर पाचशे किलोचा ट्रेलर चालता ठेवायला सात-आठ किलोचा रेटा पुरतो, हलवताना सुरुवातीला थोडा जास्त. तोंड वळवायला तर त्याहून कमी. दांडीचं टोक आसापासून तीन मीटर लांब आणि चाकं मध्यापासून सत्तर सेंटिमीटरवर, म्हणजे टोकाशी आडवा रेटा दिला की तो चाकांपर्यंत चौपट होऊन पोचतो. तीन-चार किलोच्या रेट्यानं पाचशे किलोचा ट्रेलर जागच्या जागी तोंड फिरवतो. मोटारीनं ट्रेलर मागं घेताना भल्याभल्यांची तारांबळ उडते, कारण स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रेलर उजवीकडं पळतो. हातानं ढकलताना तो उलटसुलट गोंधळच नाही. टोक जिकडं न्याल तिकडं ट्रेलर येतो.

हे चाक नळीखाली मोकळं फिरतं आणि जमिनीला टेकण्याची त्याची जागा नळीच्या बरोबर खाली नसते, जराशी मागं असते. त्या ‘जराशी मागं’मध्ये त्याची सगळी अक्कल साठलेली आहे. जिकडं ढकलाल तिकडं ते आपोआप तोंड करतं, कारण मागं राहिलेला टेकणबिंदू दांडीच्या मागोमाग फरफटत येतो. दिशा उलटी केली की चाक गर्रकन अर्धा फेरा घेतं आणि त्या क्षणी दांडीला बाजूला एक हिसका बसतो. पहिल्यांदा ढकलणारा माणूस हमखास तिथं दचकतो.

तिसरं चाक आल्यानं आणखी एक गोष्ट साधते. तीन पायांची तिवई कितीही खडबडीत जागेवर डुगडुगत नाही, चौथा पाय आला की डुगडुग सुरू. दोन मोठी चाकं आणि पुढं एक छोटं, एवढ्यावर ट्रेलर कुठंही पक्का बसतो. विमानंही याच तत्त्वावर उभी असतात. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर विमान उभं असेल तर बघा, पंखांखालची मोठी चाकं बहुतेक सगळं वजन घेतात आणि नाकाखालच्या चाकावर साधारण दहावा हिस्सा येतो. दिशा देतं ते नाकाखालचं चाक. प्रमाण जवळजवळ ट्रेलरचंच. चीनमधल्या कारागिरांनी तर फार पूर्वी याहून पुढची उडी मारली. युरोपातल्या एकचाकी ढकलगाडीत चाक अगदी पुढं असतं, म्हणून निम्मं ओझं माणसाच्या हातावर येतं. चिनी गाडीत मोठं चाक मधोमध, ओझं त्याच्या दोन्ही बाजूंना. सगळा भार चाकावर, हातांनी फक्त तोल सांभाळायचा.

मग सगळीकडं छोटं चाक लावून मोकळं व्हावं की नाही? इथं रस्ता बोलू लागतो. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या टणक चाकासमोर दोन सेंटिमीटर उंचीचा खडा आला, तर त्यावरून चढायला चाकावरच्या भाराच्या पाऊणपट जोर आडवा लावावा लागतो. साठ किलोचा भार असेल तर पंचेचाळीस किलो! एवढ्याशा खड्यासाठी! चाकाची त्रिज्या दुप्पट केली तर एकोणतीस किलो पुरतात. जुन्या लाकडी गाडीच्या पाच फुटी चाकाला तोच खडा ओलांडायला फक्त चौदा किलो. आपल्या सुतारांनी चाकं एवढी उंच का केली ते इथं कळतं. त्यांच्याकडं बेअरिंग नव्हतं, डांबर नव्हतं, होती ती फक्त उंची, आणि तिचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. हवेचं टायर खडा पोटात घेतं, त्यामुळं लहान चाकालाही हवा भरली की बराच फरक पडतो. गवतावर किंवा भुसभुशीत मातीत मात्र ट्रेलर ढकलायला चाळीस-पन्नास किलोचा रेटा लागू शकतो आणि विसाला एकच्या उतारावर आणखी पंचवीस किलोची झुंज. तिथं चाकाखाली दगड लावल्याशिवाय मूठ फिरवायचीच नाही. छोट्या चाकाला ब्रेक नसतो.

काळ्या रानाच्या चिखलात तर या चाकाची काही मात्रा चालणार नाही. ती माती चाकाला लपेटते, चाकाचा गोळा होतो. पण सोलापूरच्या बाबतीत एक गोष्ट जुळून येते. गाळप हंगाम पावसानंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे ज्या महिन्यांत गाड्या धावतात ते बहुतेक कोरडे महिने. आणि मान जिथं तासन्‌तास दबलेली असते तो भाग रानातला नसतो, फडाबाहेर पडल्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचा डांबरी रस्ता असतो. तिथंच हे चाक सर्वांत चांगलं चालतं.

जुवाखालचं चाक ट्रेलरच्या चाकापेक्षा खूप अवघड आहे आणि म्हणूनच ‘सारथी’ करणाऱ्या मुलांचं मला मनापासून कौतुक वाटतं. ट्रेलर हातानं ढकलायचा तो पाच-दहा मीटर, तोही माणसाच्या चालीनं. मोटार जोडली की चाक वर उचलून टाकायचं, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ते मोडेल. जुवाखालच्या चाकाला मात्र भरल्या गाडीखाली किलोमीटरच्या किलोमीटर चालायचं आहे. दोन्ही बाजूंना बैलांचे पाय, मधे जागा अरुंद. चाक मोकळं वळलं पाहिजे आणि वळताना पायाला लागता कामा नये. बैलाची उंची सारखी नसते, म्हणून टेकूची उंची कमी-जास्त करता यायला हवी आणि ‘सारथी’त ती सोय ठेवली आहे. ही उंची चुकली तर सगळं फसतं. टेकू आखूड राहिला तर चाक हवेत आणि भार मानेवरच. टेकू लांब झाला तर जू मानेवरून उठतं आणि गळ्याचा पट्टा वर खेचतो, म्हणजे गाडी उलाळल्यासारखंच. जुवावर थोडं, दहा-वीस किलोचं वजन राहिलंच पाहिजे, म्हणजे जू मानेवर नीट बसून राहील. रस्त्यावर उंचवटा आला की चाक जुवाला वर ढकलणार, म्हणून मधे स्प्रिंगसारखं काही मऊ हवं. आणि चढावर, जिथं ओझं मागं कलतं आणि जू उचललं जाऊ बघतं, तिथं हे चाक काहीच करू शकत नाही. ते खाली दाबणारा भार घेतं, वर उचलणारा नाही. ओढही ते कमी करत नाही. उलट जमिनीवर आणखी एक चाक आलं म्हणजे ओढ अगदी किंचित वाढतेच. शंभर किलोचा भार घेणाऱ्या चाकामागं डांबरावर तीन-चार किलो. शंभर किलो उतरवून घ्यायचे आणि बदल्यात तीन-चार किलो जादा ओढायचे. हा सौदा कुठलाही बैल करील.

कायद्यानं बैलाचा विचार केलेला आहे. ओढकाम करणाऱ्या जनावरांविषयीचे १९६५ चे केंद्रीय नियम गाडीतल्या वजनाला मर्यादा घालतात, दिवसात नऊ तासांहून जास्त काम नको म्हणतात, सलग पाच तासांहून जास्त नको म्हणतात, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जातं अशा ठिकाणी दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायला मनाई करतात. हंगामाच्या शेवटी, मार्चमध्येच, सोलापूरचा पारा ३७ कधीच ओलांडून गेलेला असतो. हे नियम चांगलेच आहेत. पण गाडीत किती भरलंय याचा आकडा कारखान्याच्या काट्यावर मिळतो, भरली गाडी आणि रिकामी गाडी दोन्ही तिथं तोलली जातात. जुवावर किती आलंय ते मात्र कुठंच तोललं जात नाही. दोन टनांची एक गाडी मानेवर तीस किलो टाकते, दोन टनांचीच दुसरी दीडशे. काट्याच्या पावतीवर दोघी सारख्याच.

हे तोलणं अवघड नाही. कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग तासन्‌तास उभी असते, बैल सोडलेले असतात, दांडी टेकूवर असते. तो टेकू एका साध्या वजनकाट्यावर ठेवला की जुवावरचा भार समोर दिसतो. मुक्कामी ट्रेलरवाले नेमकं असंच करतात, निघण्याआधी दांडीखालचं चाक काट्यावर टेकवून वजन बघतात आणि जास्त आलं तर आतलं सामान मागं सरकवतात. उसाच्या गाडीतही तोच हिशेब लागू पडतो. मोळी पंधरा किलोची असेल आणि ती दोन फूट मागं ठेवली तर जुवावरून तीन किलो उतरतात. दहा मोळ्या सरकवल्या तर तीस किलो, पंचवीस सरकवल्या तर पंचाहत्तर. एकदा काट्यावर आकडा बघितला की दुसऱ्या दिवशी फडात गाडी भरताना कुठल्या थरात किती मोळ्या मागं घ्यायच्या ते हाताला कळू लागतं. सपाटीचं ओझं असं भरतानाच कमी करता येतं. उताराला पुढं कलणारे चाळीस किलो आणि खड्ड्यातले दणके तेवढे रचून जात नाहीत, त्यांच्यासाठी जुवाखाली चाकच हवं.